खणाची त्रिकोणी घडी

अमरावतीच्या गांधी चौकातून अंबादेवीच्या देवळाकडे वळलं की ओटीच्या सामानाची दुकानं सुरू होतात. नवरात्रात तिथे पाय ठेवायला जागा नसते. गेल्या नवरात्रात अशाच एका दुकानासमोर मी उभी होते. आत बसलेल्या बाईंचे हात मिनिटाला एक ओटी या वेगानं चालले होते. खणाचा तुकडा उलगडायचा, कोपऱ्यावर कोपरा आणून तळहातानं दाबायचा, पुन्हा एकदा दुमडायचा, की चौकोनाचा नेटका त्रिकोण व्हायचा. त्यावर तांदूळ, हळकुंड, सुपारी आणि नारळ. ओटी माझ्या हातात देताना त्या म्हणाल्या, "टोक देवीकडे ठेवजा, माय." मी विचारलं, का? "माही सासू असंच सांगे," एवढं बोलून त्यांनी पुढचा खण उचलला.

गाभाऱ्यातली अंबादेवीची मूर्ती काळसर आहे. पद्मासनात बसलेली, हात मांडीवर, डोळे अर्धे मिटलेले. दागिने आणि पातळ यांच्यामुळे दर्शनाच्या रांगेतून बहुतेकांना दिसतो तो फक्त मुखवटा. पण पद्मासनात बसलेलं माणूस डोळ्यांपुढे आणा. दोन गुडघे आणि मस्तक हे तीन बिंदू जोडले की टोक वर असलेला त्रिकोण होतो. त्याच्या पुढ्यात आपण खणाचा दुसरा त्रिकोण ठेवतो.

शाक्त उपासनेत हे दोन त्रिकोण दोन मुळाक्षरांसारखे आहेत. टोक वर असलेला त्रिकोण शिवाचा आणि अग्नीचा, कारण ज्वाळा वर जाते. टोक खाली असलेला शक्तीचा, कारण पाणी खाली येतं आणि गर्भही खालीच उतरतो. या दुसऱ्या त्रिकोणाला ग्रंथांत सरळ 'योनी' म्हटलं आहे. त्या शब्दानं अवघडून जाण्याचं कारण नाही. योनी म्हणजे उगम. आपल्या मराठीनं तर ही गोष्ट रोजच्या बोलण्यात जपून ठेवली आहे. ओटी म्हणजे पदराची झोळी, आणि ओटीपोट म्हणजे ती झोळी जिथे टेकते ती जागा. ओटी भरणं म्हणजे त्या जागेला धान्य, फळ आणि वस्त्र देणं. यंत्रातल्या शक्तित्रिकोणाचं टोक उपासकाकडे, म्हणजे पाहणाऱ्याकडे असतं. ओटीच्या खणाचं टोक देवीकडे ठेवलं, तर तिच्या आसनावरून पाहताना तो त्रिकोण नेमका अधोमुख दिसतो. हा अर्थ मी कुठे वाचलेला नाही, तो मला त्या गर्दीत उभी असताना सुचला. दुकानातल्या बाईंच्या सासूबाईंना तो ठाऊक होता की नाही, याला फारसं महत्त्व नाही. हातांना तो ठाऊक होता.

यंत्र म्हटलं की वऱ्हाडातल्या माणसाला आधी जिनिंगचं यंत्र आठवतं. संस्कृतात हा शब्द 'यम्' या धातूपासून आला. आवरणं, धरून ठेवणं हा त्याचा अर्थ. सरकी वेगळी करणारं यंत्र कापूस धरून ठेवतं, तसं देवीचं यंत्र मन धरून ठेवतं. मंत्र हा देवतेचा नाद आणि यंत्र हे तिचं शरीर, अशी तंत्रग्रंथांची मांडणी आहे. म्हणून यंत्राला चेहरा, हात, आयुधं लागत नाहीत. रेषा पुरतात.

या रेषांचा विचार करताना अमरावतीहून मन आपोआप अकोल्याकडे जातं, आणि अकोल्याच्या पश्चिमेला पंचवीसेक किलोमीटरवर असलेल्या बाळापूरला पोहोचतं. मन आणि म्हैस या दोन नद्यांच्या मधल्या उंचवट्यावर बाळापूरचा किल्ला उभा आहे. अचलपूरच्या नवाबाच्या, इस्माईल खानाच्या काळात, १७५७ साली तो पुरा झाला. बहुतेक माणसं तो किल्ला आणि मिर्झा राजा जयसिंगाची छत्री पाहून परततात. पण गावाला नाव मिळालं ते किल्ल्याखाली, संगमाच्या अंगाला असलेल्या छोट्या देवळातल्या देवीमुळे. ती बाळादेवी.

बाळा हे नाव ऐकलं की शाक्त परंपरेतली बाला त्रिपुरसुंदरी आठवते. ब्रह्मांडपुराणातल्या ललितोपाख्यानात तिची गोष्ट येते. भंडासुराचे तीस मुलगे लढायला निघाले, तेव्हा ललितादेवीची नऊ वर्षांची मुलगी आईकडे हट्ट धरून बसली, की यांच्याशी मीच लढणार. आईनं आधी नको म्हटलं, मग स्वतःचं कवच काढून तिला घातलं. संध्याकाळपर्यंत ते तीसही जण पडले होते. एवढ्या मोठ्या देवतेच्या परंपरेनं आपलं सर्वांत आतलं रूप म्हणून नऊ वर्षांची पोर निवडली, हे मला फार विलक्षण वाटतं.

सर्वांत आतलं हा शब्द मी जपून वापरते आहे. बालेचं यंत्र म्हणजे 'नवयोनी': मध्ये एक त्रिकोण, भोवती आठ, मग अष्टदल कमळ आणि बाहेर चौकट. आणि ललितेचं यंत्र, ज्याला आपण श्रीयंत्र किंवा श्रीचक्र म्हणतो, त्याच्या गाभ्यात हेच नऊ त्रिकोण आहेत. मधला एक आणि त्याला लागून असलेला अष्टकोन. श्रीयंत्र बाहेरून सोलत गेलात तर शेवटी हातात बाला येते.

श्रीयंत्राची आकृती आता कॅलेंडरपासून गाडीच्या काचेपर्यंत सगळीकडे दिसते, म्हणून ती नीट पाहायची राहून जाते. नऊ मोठे त्रिकोण एकमेकांतून आरपार गेलेले: चार वर टोक असलेले, शिवाचे, पाच खाली टोक असलेले, शक्तीचे. त्यांच्या छेदांतून त्रेचाळीस लहान त्रिकोण तयार होतात. मधला १, त्याभोवती ८, मग १०, पुन्हा १०, आणि सर्वांत बाहेर १४. बेरीज करून पाहा. आद्य शंकराचार्यांच्या नावावर असलेल्या सौंदर्यलहरीच्या अकराव्या श्लोकात हा सगळा हिशेब आला आहे. तिथे काही पोथ्या ४३ म्हणतात, काही ४४. मधला बिंदू धरायचा की नाही, एवढाच त्यातला फरक. त्रिकोणांच्या बाहेर आठ पाकळ्या, मग सोळा पाकळ्या, मग वर्तुळं, आणि शेवटी चार दारांची चौरस तटबंदी, म्हणजे भूपुर. बिंदूपासून भूपुरापर्यंत अशी नऊ आवरणं होतात आणि प्रत्येकाला नाव आहे. बाहेरचं 'त्रैलोक्यमोहन', आतल्या अष्टकोनाचं 'सर्वरोगहर', बिंदूचं 'सर्वानंदमय'.

मी हे यंत्र काढायला बसले ते शाळेतल्या कंपासपेटीच्या भरवशावर. षट्कोनी चांदणी कोणीही काढतं, दोन त्रिकोण उलटसुलट ठेवले की झालं. इथे तसं नाही. नऊ त्रिकोणांच्या रेषा एकमेकींना जिथे छेदतात, त्यांतल्या काही जागी दोन रेषा भेटतात. अशा जागेला 'संधी' म्हणतात. काही जागी तीन रेषांनी एकाच बिंदूत भेटावं लागतं, ते 'मर्म'. परंपरेनं २४ संधी आणि १८ मर्मं मोजली आहेत. आयुर्वेदात शरीराच्या नाजूक जागांना मर्म म्हणतात, तोच हा शब्द, आणि तो किती नेमका आहे ते पेन्सिल हातात घेतल्यावर कळतं. तिसरी रेषा केसभर सरकली की त्या बिंदूच्या जागी ज्वारीच्या दाण्याएवढा एक नवाच त्रिकोण उघडतो आणि ४३चा हिशेब मोडतो. तो मिटवायला ती रेषा हलवावी, तर तीच रेषा दुसऱ्या टोकाला आणखी एका मर्मातून जात असते. तिथला बिंदू फुटतो. एक त्रिकोण हलवला की आठही हलतात. तिसऱ्या कागदावर मी खोडरबर बाजूला ठेवलं आणि जुन्या लोकांनी हे कसं साधलं ते शोधायला लागले.

त्यांनी एक सोपी कृती ठरवून ठेवली आहे. वर्तुळाचा उभा व्यास घ्यायचा आणि त्याचे ४८ समान भाग करायचे. मग वरून ६, ६, ५, ३, ३, ४, ३, ६, ६ भागांच्या अंतरावर नऊ आडव्या रेषा ओढायच्या. खाली पुन्हा ६ भाग उरतात. या नऊ रेषा म्हणजे नऊ त्रिकोणांचे पाये. मग ठरलेल्या रेषांची दोन्ही टोकं ठरलेल्या मापानं पुसायची आणि उरलेल्या टोकांपासून त्रिकोणांच्या तिरक्या बाजू ओढायच्या. त्या अंतरांकडे जरा पाहा: वर सहा-सहा, मध्ये तीन-तीन, खाली पुन्हा सहा-सहा. मध्याजवळ रेषा दाटतात. श्रीयंत्राकडे पाहताना नजर आपोआप आत ओढली जाते, त्यातलं निम्मं काम ही दाटी करते. गूढ म्हणून सांगितल्या जाणाऱ्या कितीतरी गोष्टींच्या मुळाशी असं एखादं साधं, विचारपूर्वक ठरवलेलं माप असतं, आणि ते कळल्यानं आदर वाढतो.

ही कृती फार जवळ नेते, पण सगळी मर्मं काटेकोर जुळतातच असं नाही. १९८४ साली मॉस्कोच्या अलेक्सी कुलाइचेव यांनी भारतातल्या विज्ञानेतिहासाच्या नियतकालिकात या आकृतीच्या गणितावर निबंध लिहिला आणि हे कोडं किती अवघड आहे ते दाखवलं. अचूक श्रीयंत्रासाठी एकमेकांत गुंतलेली अनेक समीकरणं एकदम सोडवावी लागतात, आणि ती सोडवायला संगणक हाताशी असलेला बरा. ज्यांनी ते दोरी आणि खडूनं केलं, त्यांच्या धीराची कल्पना करावी.

श्रीयंत्राच्या उपासनेला श्रीविद्या म्हणतात. त्या विद्येत मराठी माणूसही फार वरच्या जागी आहे, हे आपल्याकडे पुरेसं सांगितलं जात नाही. गंभीररायांचे पुत्र भास्करराय हे श्रीविद्येचे सर्वांत मोठे भाष्यकार मानले जातात. देशस्थ घराण्यातले भास्करराय अठराव्या शतकात तंजावरच्या मराठा राज्यात, कावेरीकाठी स्थिरावले. त्यांना मिळालेलं गाव आजही भास्करराजपुरम म्हणून ओळखलं जातं. ललितासहस्रनामावरचं त्यांचं 'सौभाग्यभास्कर' हे भाष्य दक्षिणेत अजून गुरुमुखातून शिकवलं जातं.

श्रीयंत्र दोन दिशांनी वाचता येतं. बिंदूकडून बाहेर आलात तर तो सृष्टिक्रम: एकातून तीन, तीनातून आठ, असं जग पसरत जातं. बाहेरून आत गेलात तर संहारक्रम: एकेक आवरण मागे टाकत बिंदूपाशी पोहोचायचं. उपासक चालतो ती ही दुसरी वाट. आणि आपण देवळात जातो तेव्हा हेच करत असतो. बाजाराचा गलबला, महाद्वार, आवार, सभामंडप, अंतराळ, गाभारा. प्रत्येक टप्प्यावर जागा लहान होते, उजेड कमी होतो, बोलणं थांबतं. देऊळ म्हणजे उभं केलेलं यंत्र, असं म्हणतात ते या चालीमुळे.

दगडात हे कसं उतरतं ते पाहायला अकोल्याहून वाशिमच्या रेल्वेमार्गावरच्या बार्शीटाकळीला जावं. तिथलं कालंका देवीचं देऊळ लोक हेमाडपंती म्हणून दाखवतात. पण तिथल्या शिलालेखातला शक १०९८, म्हणजे इसवी सन ११७६. यादवांचा प्रधान हेमाद्री, ज्याच्या नावानं आपण ही शैली ओळखतो, तो तेराव्या शतकाच्या उत्तरार्धातला. म्हणजे हे देऊळ हेमाडपंताच्याही आधीचं. देवळाच्या बाहेरून फिरताना भिंत सरळ चालत नाही. कोपरा पुढे येतो, मागे जातो, पुन्हा पुढे येतो. दुपारच्या उन्हात एकाच भिंतीवर सावलीच्या उभ्या पट्ट्या पडतात.

या कोपऱ्यांचं गणित सर्वांत स्पष्ट होतं ते ताराकृती देवळांत. वऱ्हाडातच, बुलढाणा जिल्ह्यात, लोणारचं दैत्यसूदन मंदिर त्या जातीचं आहे. ते विष्णूचं, पण गवंड्याची दोरी देव पाहून बदलत नाही. मध्ये खुंटी ठोकायची, दोरीनं वर्तुळ काढायचं, त्यात चौरस बसवायचा. मग तोच चौरस मधल्या खुंटीभोवती थोडा फिरवून पुन्हा काढायचा. ४५ अंशांनी एकदा फिरवला तर आठ टोकांची चांदणी होते; साडेबावीस अंशांनी फिरवत चार चौरस काढले तर सोळा टोकांची. सगळी टोकं वर्तुळाला टेकलेली आणि प्रत्येक टोकाचा कोन काटकोनच, कारण मुळात तो चौरसाचा कोपरा आहे. म्हणजे दगड घडवणाऱ्याला एकच गुण्या पुरतो. चौकोन म्हणजे स्थिर पृथ्वी, वर्तुळ म्हणजे फिरतं आकाश. चौकोन फिरवत नेला की तो वर्तुळ होऊ पाहतो. प्रदक्षिणा घालताना आपणही त्या खुंटीभोवती दोरीसारखेच फिरतो.

गाभाऱ्याखालची आखणीही चौकोनांचीच. सहाव्या शतकातल्या वराहमिहिराच्या बृहत्संहितेत वास्तुपुरुषमंडलाचे ८१ आणि ६४ घरांचे असे दोन प्रकार आले आहेत, आणि देवळासाठी ६४ घरांचा सांगितला आहे. आठ ओळींत आठ घरं, आणि मधली चार घरं ब्रह्म्याची. काठावर दिशांचे देव, मध्यात सर्वांना धरणारा. भूपुर आणि बिंदू यांचंच हे नातं, वेगळ्या भाषेत. कोल्हापूरला अंबाबाईच्या देवळाच्या भिंतीवर तर श्रीयंत्रच कोरलेलं आहे. तिथे आकृती आणि इमारत एकमेकींना समोरासमोर भेटतात.

एक सावधगिरी मात्र हवी, आणि ती मी बाळापुरात शिकले. किल्ल्याचा आतला कोट पंचकोनी आहे आणि बाहेरचा तट दशकोनी, प्रत्येक कोनावर बुरूज. शक्तीचे पाच त्रिकोण आणि यंत्रातले दशकोन डोक्यात घेऊन मी तिथे गेले, तेव्हा अंगावर काटा आला. पण तो कोट तोफांच्या काळातला. कोन जास्त, तर मारा जास्त दिशांना. त्या पाच आणि दहाचं कारण युद्धशास्त्रात आहे, देवीत नाही. संगमावरची ती दोन नद्यांमधली निमुळती जमीनही पाण्यानं घडवली. तिथे उभं राहून त्रिकोण पाहावा, मन भरून पाहावा, पण तो कोणी आखला असं म्हणू नये. दिसेल त्या आकारात यंत्र शोधलं तर खरी यंत्रं घडवणाऱ्यांच्या श्रमाचा मान राहत नाही.

आता पुन्हा भूपुराकडे, त्या चार दारांकडे. चारही दिशांना एकेक दार, हे श्रीयंत्राचं वैशिष्ट्य मला सर्वांत मोलाचं वाटतं. कुठूनही या, वाट बिंदूकडेच जाते. आणि इथे अंबादेवीच्या देवळाविषयी लिहिताना १९२७ साल वगळून पुढे जाता येत नाही. त्या वर्षी अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजाला या देवळात प्रवेश मिळावा म्हणून अमरावतीत चळवळ उभी राहिली. डॉ. पंजाबराव देशमुखांनी पुढाकार घेतला. १३ नोव्हेंबरला अमरावतीच्या इंद्रभुवन नाट्यगृहात वऱ्हाडातल्या अस्पृश्यांची परिषद भरली. अध्यक्ष होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर; महाडच्या चवदार तळ्याच्या सत्याग्रहाला त्या वेळी जवळजवळ आठ महिने झाले होते. त्यांचे थोरले बंधू बाळाराम यांच्या निधनाची बातमी त्यांना इथेच कळली, आणि ते दुःख घेऊन त्यांनी परिषद चालवली. यंत्रात बिंदूपर्यंत नऊ आवरणं आहेत. या माणसांना पहिल्याच आवरणाच्या दारात अडवलं होतं, आणि त्यांना अडवणारा एकही शब्द त्या आकृतीत नाही. दार आखलं जातं ते उघडण्यासाठी. मी ओटी घेऊन त्या रांगेत उभी राहते तेव्हा हे माझ्या मनात असतं.

दसऱ्याला अंबादेवी आणि एकवीरादेवी यांच्या पालख्या सीमोल्लंघनाला निघतात, तेव्हा ती चार दारं उलट्या दिशेनं उघडतात. वर्षभर माणसं बिंदूकडे जातात. त्या दिवशी बिंदूच चौकट ओलांडून गावाकडे येतो.

पण मला अष्टमीबद्दल सांगायचं आहे. अकोल्याला माझ्या मावशीकडे नवरात्रात घट बसतात आणि अष्टमीला कुमारिका जेवायला बोलावतात. देवीभागवतात दोन वर्षांच्या मुलीपासून दहा वर्षांच्या मुलीपर्यंत प्रत्येक वयाच्या कुमारिकेला वेगळं नाव दिलं आहे: आठ वर्षांची शांभवी, नऊ वर्षांची दुर्गा. मावशी सकाळी उठून पाटाभोवती रांगोळी काढते. आधी चौकट, चारही बाजूंना मोकळी जागा सोडलेली. आत कमळ, आठ पाकळ्यांचं. मधोमध पाट. तिला मी कधी श्रीयंत्राबद्दल विचारलं नाही. ठिपके ती मोजत नाही, चिमटीतून पडतात ते बरोबरच पडतात.

गेल्या वर्षी शेजारची मुलगी बोलावली होती, नऊ वर्षांची, समोरचे दोन दात नुकतेच आलेले. मावशीनं तिचे पाय धुतले, हळदीकुंकू लावलं. ती पाटावर बसली आणि तिनं फ्रॉकचा घेर दोन्ही हातांनी पुढे धरला. मी खण उलगडला, कोपऱ्यावर कोपरा आणून दाबला, पुन्हा दुमडला. त्यावर तांदूळ, सुपारी आणि तिच्यासाठी एक पेरू. मग तो त्रिकोण तिच्या ओटीत ठेवला, टोक तिच्याकडे करून.